हजेरीवहीतला रिकामा रकाना

ज्येष्ठ नागरिक संघ म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. सकाळी बागेत हास्ययोग, संध्याकाळी कॅरम, महिन्यातून एकदा वाढदिवस, वर्षातून एकदा सहल आणि १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचा सत्कार. बाहेरून पाहणाऱ्याला हा निवृत्त माणसांचा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. घरातली तरुण मंडळीही ‘बाबा संघात गेलेत’ हे थोडे हसूनच सांगतात. वैद्यकाच्या नजरेतून मात्र या जागेला मोठे महत्त्व आहे. विशेषतः तिथल्या एका साध्या वस्तूला, म्हणजे हजेरीच्या वहीला.

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका संघात बहात्तर वर्षांचे एक निवृत्त गुरुजी रोज येतात. एका आठवड्यात त्यांच्या नावापुढे सही दिसत नाही. सगळ्यांना वाटते, नागपूरला मुलाकडे गेले असतील. आठव्या दिवशी एक मित्र घरी जाऊन पाहतो, तर गुरुजी खाटेवर बसलेले. झाले एवढेच, की रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढला होता. रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडता पडता वाचले. तेव्हापासून भीती बसली. बाहेर जाणे बंद. चालणे बंद झाले म्हणून भूक कमी. भूक कमी म्हणून पायांतली ताकद कमी. आता तर खुर्चीतून उठायलाही हात टेकावे लागतात. घरच्यांचे म्हणणे, ‘वय झाले, आता असेच चालायचे.’

हे वयामुळे झालेले नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरणे ही मोजता येणारी गोष्ट आहे. आधी पाच मिनिटे आडवे किंवा बसवून रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरला तर कारण शोधून औषध बदलता येते. गुरुजी पुन्हा संघात येऊ शकतात. पण मित्र गेलाच नसता तर पुढचा टप्पा बहुधा न्हाणीघरात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हा असता. त्यानंतर कित्येकांना पहिल्यासारखे चालता येत नाही.

कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरसमोर तोच रुग्ण येतो, जो येऊ शकतो. जो यायचा थांबला, तो दिसतच नाही. संघाच्या वहीत मात्र न आलेला माणूसही दिसतो.

जिल्ह्यात म्हातारपण कसे आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा जण साठीपुढचे होते. तेव्हा गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. राज्याचेच प्रमाण धरले तरी जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक ज्येष्ठ होतात, आणि त्यानंतर हा आकडा वाढलाच असणार. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल.

जिल्ह्यातील पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहतात. धानाची शेती, तेंदूपत्ता, मोहफूल, बिड्या वळणे आणि राइस मिल यांवर इथली घरे चालली. ज्या पिढीने चिखलात कमरेत वाकून रोवणी केली, तासन् तास मांडी घालून बिड्या वळल्या, तीच पिढी आज सत्तरीत आहे. गुडघे आणि कंबर यांनी त्या कामाची किंमत मोजली आहे. मुले मात्र नागपूर, रायपूर, पुणे, हैदराबादकडे गेली. मागे राहिलेल्या घरात दोन म्हातारी माणसे, नाहीतर एकटी म्हातारी आणि एखादे नातवंड.

देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये तिचा अहवाल आला. साठीपुढच्या चारांपैकी तिघांना काही ना काही जुनाट आजार असल्याचे त्यात आढळले. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, दमा यांची यादी आपल्याला माहीत असते. एकटेपणा मात्र त्या यादीत आपण लिहीत नाही.

गप्पांचा औषधासारखा उपयोग होतो का?

एकटेपणाचा संबंध केवळ मनाशी नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यासांची आणि त्यांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले, की जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो.

यावर एक शंका रास्त आहे. जे धडधाकट आहेत तेच संघात जातात, मग संघामुळे प्रकृती चांगली राहते असे कसे म्हणायचे? जपानमध्ये आयची प्रांतातल्या ताकेतोयो या गावात याचे उत्तर शोधले गेले. २००७ पासून तिथल्या नगरपालिकेने वस्तीवस्तीत ज्येष्ठांसाठी छोटी केंद्रे सुरू केली. चालवणारे स्वयंसेवक त्याच वस्तीतले. तिथे गप्पा, खेळ, हलका व्यायाम, हस्तकला एवढेच. संशोधकांनी वय, आजार, उत्पन्न अशा बाबतींत सारख्या असलेल्या लोकांची तुलना केली. केंद्रात येणाऱ्यांमध्ये दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळ येण्याचे प्रमाण पाच वर्षांत जवळपास निम्मे दिसले. अशा अभ्यासातून शंभर टक्के सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, पण खर्च आणि धोका पाहता एवढा पुरावा पुरेसा आहे.

यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. केंद्रात यायचे म्हणून माणूस आंघोळ करून, कपडे बदलून, चालत निघतो. चार लोकांत बोलताना ऐकणे, आठवणे, उत्तर देणे ही मेंदूची कामे आपोआप होतात. जेवणाला चव येते, रात्री झोप लागते. आणि कोणीतरी विचारते, ‘काल का आले नाहीत?’

केंद्रात नेमके काय असावे?

*व्यायाम:* फेरफटका चांगला, पण तेवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टाकत रेषेवर चालणे, एवढ्यासाठी एक भक्कम खुर्ची पुरते. शंभरहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. इतका परिणाम देणारी ‘ताकदीची’ सलाइन बाजारात नाही, हे केंद्रातल्या प्रत्येकाला सांगायला हवे.

*खुर्चीची चाचणी:* दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाने खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी तो वाढला तर आणखी लवकर दाखवा.

*डोळे आणि कान:* तांदळातले खडे दिसेनासे झाले, संध्याकाळी पायरी चुकू लागली, तर मोतीबिंदूची शक्यता आहे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुना झाला. कानांकडे तर कोणी पाहतच नाही. ऐकू येत नाही म्हणून उत्तर भलतेच येते आणि घरचे म्हणतात, ‘आजीला भ्रम झाला.’ स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने दिली. तीत कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत.

*तोंडाची तपासणी:* आपल्या भागात खर्रा आणि गुडाखू यांनी कित्येकांचे तोंड खराब केले आहे, त्यात स्त्रियाही आहेत. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, यांतले काहीही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात पाठवायचे. कवळी टोचते म्हणून जखम झाली, असे समजून थांबू नये.

*औषधांची पिशवी:* महिन्यातून एक दिवस प्रत्येकाने घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणावीत आणि समुदाय आरोग्य अधिकारी किंवा डॉक्टरांना दाखवावीत. एकच औषध दोन नावांनी चालू असते. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी सोडलेली असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतात आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते.

*ताट:* भात, पेज आणि वरणाचे पाणी एवढ्यावर स्नायू टिकत नाहीत. दात नसल्याने म्हातारी माणसे मऊ तेवढे खातात. मऊ शिजवलेली डाळ, हरभऱ्याचे पिठले, दही, अंडे, तलावातली मासळी यांपैकी काही ना काही दोन्ही वेळच्या ताटात हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. केंद्रात आठवड्यातून एकदा एकत्र जेवण झाले तर कोण किती कमी खाते हेही कळते.

*मन:* ज्येष्ठांमधले नैराश्य रडून दिसत नाही. अंग दुखते, झोप नाही, जेवावेसे वाटत नाही, कशात मन लागत नाही, अशा तक्रारींतून ते बोलते. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे राहिले तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. ‘टेलीमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

*विरंगुळा:* पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, वाचन, भजन, गाणे यांना दुय्यम समजू नये. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. आपल्याकडे तर दंडार आहे, झाडीपट्टीच्या नाटकांची परंपरा आहे. ज्यांनी तरुणपणी रात्र रात्र दंडार रंगवली, त्यांना केंद्रात मुलांना ती शिकवायला सांगा. शिकवणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असे वाटते, आणि म्हातारपणात या भावनेचे मोल फार आहे.

कागदांची खिडकी

आजाराइतकाच ज्येष्ठांना छळणारा प्रश्न कागदांचा असतो. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २०२४ पासून मिळते. ‘मुख्यमंत्री वयोश्री’ योजनेत पात्र असलेल्या ६५ वर्षांपुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून गोंदियाचे सरकारी रुग्णालय साठ किलोमीटरहून लांब आहे, तिथे ही सवलत कामाची ठरते.

पण अर्ज मोबाइलवर, निरोप मोबाइलवर, आणि बोटांचे ठसे झिजलेले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना अंगठा उमटत नाही म्हणून आयुष्यभर काम केलेल्या बोटांना चार वेळा यंत्रावर घासावे लागते. चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे अनेकांना कोणी सांगितलेले नसते. आठवड्यातून एक दिवस महाविद्यालयातली दोन मुले केंद्रात येऊन बसली तर ही कामे तिथेच होतील. त्याच वेळी फोनवरून ‘अटक’ करण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांबद्दल सावध करावे आणि फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवायला शिकवावे.

घरात मारहाण, उपासमार, शेत नावावर करून घेऊन हाकलून देणे, हे विषय संघात दबक्या आवाजातच निघतात. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहिलेली असेल आणि ती पाळली नाही तर ते रद्द करून मागता येते. १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते.

ज्यांचे नाव वहीतच नाही

आता या चित्रातला मोठा दोष. बहुतेक संघ शहरात किंवा तालुक्याच्या गावी आहेत. सभासद बहुतेक पेन्शन मिळणारे पुरुष. वेळ सकाळची, म्हणजे बाईमाणसाची चुलीपुढची. जिने आयुष्यभर बिड्या वळल्या, जिला नवरा जाऊन दहा वर्षे झाली, जी सालेकसा किंवा देवरीच्या एखाद्या टोल्यावर एकटी राहते, तिच्या नावापुढचा रकाना रिकामा दिसणारच नाही, कारण वहीत तिचे नावच नाही.

यावर उपाय इमारत बांधणे हा नाही. गावोगावी समाजमंदिर आहे, ग्रामपंचायतीचे सभागृह आहे, दुपारनंतर रिकामी अंगणवाडी आहे. दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवली तर स्त्रिया येऊ शकतात. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत वेळ बदलावी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा कूलर आणि माठ असलेली हीच खोली एकट्या म्हाताऱ्यांना उष्माघातापासून वाचवू शकते, आणि हिवाळ्यात गोंदियात विदर्भातली कडाक्याची थंडी पडते तेव्हा दम्याच्या रुग्णांची विचारपूस इथूनच होऊ शकते. गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या आजीला तिच्याच बोलीत बोलणारी आशाताई तिथे असली पाहिजे.

ज्या वयात शाळा संपून साठ वर्षे व्हायला हवीत त्या वयात पहिल्यांदा पाटी हातात घेणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून दुपारी घरकाम आटोपल्यावर आज्या तिथे येऊ लागल्या. अक्षरे किती आली हा प्रश्न वेगळा, पण रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायला त्यांना एक कारण मिळाले. फांगण्यात जे झाले ते गोंदियाच्या एखाद्या टोल्यावर होऊ नये असे काही नाही.

सरकारी बाजूनेही आधार आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक दिवस तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट आणि जिल्हा पातळीवर दहा खाटांचा कक्ष, अशी त्याची रचना आहे. गावातल्या केंद्राने आपल्या आरोग्य केंद्राचा तो वार कोणता हे विचारून घ्यावे आणि त्या दिवशी गटाने जावे. एकट्या आजीला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणे सोपे असते, आठ जणांना पाठवणे अवघड.

केंद्राने काय करू नये

मोठा मंडप घालून दोनशे जणांची साखर मोजायची, फोटो काढायचे आणि आकडे विसरून जायचे, अशा शिबिरांचा उपयोग नाही. वीस जणांचा रक्तदाब दर महिन्याला त्याच यंत्राने, पाच मिनिटे बसवून, अर्धा तास आधी चहा-तंबाखू न घेता मोजला आणि वहीत लिहिला, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त. केंद्राने औषधे वाटू नयेत आणि गुडघ्यांच्या तेलाचे, चुंबकाच्या गादीचे विक्रेते दारातूनच परत पाठवावेत. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद अचानक जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मालिश नको, विश्रांती नको, लगेच १०८ ला फोन करायचा.

आणि हजेरीची वही जपून वापरावी. प्रत्येक नावापुढे घरचा पत्ता, शेजाऱ्याचा फोन, चालू आजार आणि बाहेरगावच्या मुलाचा क्रमांक लिहावा. ही माहिती खासगी असते, म्हणून वही एकाच जबाबदार माणसाकडे कुलुपात राहावी. दर आठवड्याला दोन सभासदांवर एक काम सोपवावे. ज्याची सही सलग तीन दिवस नाही, त्याच्या घरी जाऊन यायचे. फोन नको, प्रत्यक्ष जायचे, कारण फोनवर सगळेच ‘मी ठीक आहे’ म्हणतात. घरी गेल्यावर चार गोष्टी पाहायच्या: माणूस हात न टेकता उठतो का, सकाळपासून काय खाल्ले, औषधे चालू आहेत का आणि रात्री झोप लागते का. एकाचे जरी उत्तर वाईट आले तरी दुसऱ्या दिवशी त्याला आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि सोबत कोण जाणार हे तिथून उठण्याआधीच ठरवायचे.